सहाशे मीटरची रेषा

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले, की भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकत तास-दीड तासात मुळशी धरणाची भिंत दिसते. भिंतीपलीकडे पाणी, पाण्याच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाकडे वळत जाणारा रस्ता आणि वर ढगांत शिरलेले डोंगर. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीत थांबून पाण्याकडे पाहताना एक आकडा मनात ठेवावा असे मला वाटते. धरण भरते तेव्हा या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असते. धरण झाल्यानंतर सुमारे अर्धशतकाने, १९७४-७५ मध्ये, नियोजन आयोगाने पश्चिम घाटातले डोंगरी तालुके निवडले. त्यासाठी लावलेली कसोटीही सहाशे मीटरचीच होती : ज्या तालुक्याचे किमान वीस टक्के क्षेत्र या उंचीच्या वर, तो डोंगरी.

या दोन रेषांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. पहिली अभियंत्यांनी विजेसाठी आखली, दुसरी नियोजनकारांनी मागासलेपण मोजायला. पण मुळशीच्या उतारावर त्या जवळजवळ एकमेकींवर येऊन बसल्या. पहिल्या रेषेने माणसांना खोऱ्याच्या तळातून वर ढकलले. दुसरीने वर गेलेल्या त्याच माणसांची दुर्गम भागातले रहिवासी म्हणून नोंद केली. मुळशीची दुर्गमता बरीचशी माणसाने, कागदावर, सरकारी शिक्क्यानिशी घडवलेली आहे, असे माझे मत आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे मुळशी खोरे दुर्गम म्हणावे असे नव्हते. मुळा आणि निळा या नद्यांच्या काठाने तळात सपाट, गाळाची खाचरे होती. त्यांत आंबेमोहोर पिके. मुळशीच्या तांदळाला पुण्याच्या पेठांत नाव होते आणि आजही आहे. वरच्या उतारांवर वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरई. ज्याच्याकडे खाचर त्याच्या घरात तांदूळ, ज्याच्याकडे नुसती वरकस त्याच्या घरात भाकरी, असा तो हिशेब. राब भाजायचा, रोपे तयार करायची, पहिल्या पावसाला चिखल करून लावणी करायची. हे सगळे वर्ष खोऱ्याच्या तळाभोवती फिरत असे. बाजाराची वाटही नदीच्या काठानेच जाई.

मुंबईला मात्र हे खोरे वेगळे दिसत होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस पूर्वेकडे वाहून जातो. तो अडवून पश्चिमेला कोकणात सोडला, तर पाचशे मीटरची सरळ घसरण मिळते आणि त्या घसरणीवर वीज करता येते. टाटा उद्योगसमूहाने १९१० मध्ये पहिली जलविद्युत कंपनी काढली. लोणावळा परिसरातल्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. १९१६ मध्ये आंध्रा खोऱ्यासाठी दुसरी कंपनी आली, १९१९ मध्ये मुळशीसाठी तिसरी, टाटा पॉवर. मुळा-निळेच्या संगमापाशी धरण बांधायचे, पाणी घाटमाथा ओलांडून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरवायचे आणि वीज मुंबईला न्यायची, अशी ही योजना होती. अभियांत्रिकी म्हणून ती भव्य होती, आणि हे कबूल करायला हवे. मुंबईच्या बऱ्याच गिरण्या तोवर दुरून आणलेल्या कोळशावर चालत. पाण्यापासूनच्या विजेने शहराचा धूरही कमी होणार होता.

जमीन मिळवायला १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्या कायद्यात कंपन्यांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. सरकारने ‘सार्वजनिक हित’ एकदा मान्य केले, की खासगी कंपनीसाठीही शेतकऱ्याची जमीन घेता येई. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे या योजनेच्या पोटात येणार होती. लोकांना याची कुणकुण लागली ती शेतात चाचणीचे चर खणायला माणसे आली तेव्हा. नोटीस नव्हती आणि विचारणाही झाली नव्हती.

पुढचे बरेचसे मराठी वाचकाला ढोबळ माहीत असते : मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, ‘जान किंवा जमीन’. मात्र त्याचा तपशील आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी मंडळी पुढे होती. ‘केसरी’ने पाठिंबा दिला होता. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून सहानुभूती दाखवली. कंपनीने काही काळ काम थांबवण्याचे मान्य केले आणि सत्याग्रह स्थगित झाला. मग काम पुन्हा सुरू झाले, त्याबरोबर सत्याग्रहही. अटका, तुरुंग आणि माराची मालिका सुरू झाली. त्यात बायकाही होत्या.

आंदोलन फुटले ते मोबदल्याच्या प्रश्नावर. राजेंद्र व्होरा यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ या अभ्यासात ही गुंतागुंत नीट उलगडून दाखवली आहे. खोऱ्यातल्या पुष्कळशा जमिनीवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता आणि कसणारा मावळा त्यांचे कूळ होता. सावकाराला जमीन म्हणजे गुंतवणूक होती, चांगली किंमत आली तर ती सोडायला त्याची हरकत नव्हती. कुळाला जमीन म्हणजे पुढच्या वर्षीचा तांदूळ. ‘जमीन द्यायचीच नाही’ आणि ‘द्यायची तर भाव वाढवून घ्या’ या दोन मागण्या एका मंडपात फार काळ नांदू शकल्या नाहीत. शहरातले बरेच पुढारी दुसऱ्या मागणीकडे सरकले. बापट सरकले नाहीत. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवण्याचा त्यांचा शेवटचा प्रयत्न झाला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना मिळाले ते याच लढ्यात. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

इथपर्यंतचा इतिहास सत्याग्रहाचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि इथेच तो थांबवला जातो. मला त्यापुढची वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात, कारण त्या वर्षांत कोणी नायक नव्हता आणि त्यांची नोंदही फारशी कोणी ठेवली नाही.

खाचरे पाण्याखाली गेली. काही कुटुंबे दूर गेली. पण पुष्कळांनी गाव सोडले नाही, ती फक्त वर सरकली. धरणाच्या चारही बाजूंनी उतारांवर घरे पुन्हा उभी राहिली, ती पूर्वी जिथे नाचणी-वरई होत असे अशा वरकस जागी, रानाच्या कडेला. समोर दिसणाऱ्या गावी जायला आधी नदी ओलांडावी लागे, आता अख्ख्या जलाशयाला वळसा घालावा लागू लागला. खोऱ्याच्या तळातली बाजाराची वाट बुडाली होती. संपादन झालेली सगळीच जमीन पाण्याखाली गेली नव्हती. काठावरची बरीच जमीन कंपनीच्या नावावर झाली होती आणि वर सरकलेल्या घरांपैकी पुष्कळ घरे त्याच जमिनीवर होती. पिढ्यानपिढ्या घर आहे, चूल आहे, देव आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही. गावठाण नाही, म्हणून घरकुल नाही. जमीन दुसऱ्याच्या मालकीची, म्हणून शाळेच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक कामाला परवानगीचा अडसर. मुळशी धरणग्रस्तांच्या मागण्यांत ही तक्रार शंभर वर्षांनंतरही पहिल्या क्रमांकावर आहे.

आणि माणसे मुंबईला गेली. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातून मुंबईत जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. डबेवाले मुख्यतः याच खोऱ्यांतले. गिरणीत, गोदीत, हमालीत, डब्याच्या गाडीवर मावळा उभा राहिला. त्याच्या खोऱ्याचे पाणी वीज होऊन ज्या शहरात गेले, त्याच शहरात तोही पोटामागे गेला. विकासाच्या हिशेबात पाणी आणि वीज यांचे आकडे सापडतात. ही माणसे गेली त्याचा रकाना मात्र त्यात नाही.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना आल्या. पहिल्या योजनांचे लक्ष देशाकडे आणि राज्यांकडे होते. राज्याच्या पोटातल्या डोंगराकडे वेगळे पाहण्याची रीत तयार झालेली नव्हती. १९६७ मध्ये पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेची घडण ज्यांच्या हातून झाली, सहकारी साखर कारखानदारीला ज्यांनी वैचारिक बळ दिले, ते हे गाडगीळ. राज्यांना केंद्राची मदत कोणत्या निकषांवर वाटायची याचे ‘गाडगीळ सूत्र’ १९६९ मध्ये चौथ्या योजनेसाठी आले. त्यात आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीर या राज्यांना आधी बाजूला काढून वेगळा वाटा दिला गेला. म्हणजे अख्खे राज्य डोंगराळ आणि अडचणीचे असेल तर त्याला वेगळी वागणूक मिळू लागली. पण महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्याच्या कडेला असलेल्या डोंगराचे काय? राज्याच्या सरासरीत मुंबई आहे, पुणे आहे, ऊस आहे. त्या सरासरीत ताम्हिणीचा धनगरवाडा दिसणार कसा?

या अडचणीवर पाचव्या योजनेत उत्तर शोधले गेले. डोंगरी क्षेत्र विकास कार्यक्रम आला आणि त्याच्याच जोडीने १९७४-७५ मध्ये पश्चिम घाट विकास कार्यक्रम. ताप्तीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंतच्या डोंगररांगेतले १३२ तालुके महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या प्रदेशांतून निवडले गेले. तालुका निवडायची कसोटी तीच, सुरुवातीला सांगितलेली : किमान वीस टक्के क्षेत्र सहाशे मीटरच्या वर. केंद्राची मदत नव्वद टक्के अनुदान आणि दहा टक्के कर्ज अशी होती. मुळशी तालुका या हिशेबात सहज बसणारा.

हा कार्यक्रम वाईट नव्हता, हे स्पष्ट लिहायला हवे. राज्याच्या अंदाजपत्रकात ज्यांना नाव नव्हते अशा वाड्यांकडे पैसा जाण्याची एक वाट त्याने पाडली. फळबागा, वनीकरण, जोडरस्ते, साकव. साकव हा शब्द शहरी वाचकाला आता परका झाला असेल. ओढ्यावरचा लहानसा, पायी ओलांडायचा पूल म्हणजे साकव. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सह्याद्रीत ओढा भरला की पलीकडची वाडी तुटते. आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावरून काठावर आणायचे आणि पाणी उतरायची वाट पाहायची. तिथे साकव झाला, तर एखादे मूल शाळेत जाते, एखादी बाळंतीण वाचते. नियोजनाच्या भाषेत ही फार छोटी कामे आहेत. मला ती संपूर्ण कार्यक्रमातली सर्वांत शहाणी कामे वाटतात.

सातव्या योजनेपासून भाषा बदलली. डोंगराचा विकास म्हणजे त्याचे पर्यावरण राखत केलेला विकास, असे म्हटले जाऊ लागले आणि कामाचे एकक म्हणून पाणलोट पुढे आला. एका ओढ्याच्या उगमापासून खालपर्यंत माती अडवायची, पाणी जिरवायचे. ही कल्पना डोंगराच्या स्वभावाला धरून होती. पैसा मात्र तालुक्यांच्या यादीवरून येत होता आणि योजना खात्याखात्यांतून येत होत्या. वन खात्याची हद्द एक, कृषी खात्याची दुसरी, बांधकाम खात्याची तिसरी. ओढा या तिन्ही हद्दींतून वाहत खाली जातो.

१९९० च्या सुमारास राज्यानेही स्वतःचा डोंगरी विकास कार्यक्रम सुरू केला. डोंगरी तालुक्यांना दरवर्षी ठरावीक निधी, त्यातून स्थानिक गरजेची कामे : रस्त्याचा तुकडा, साकव, शाळेची खोली, पाण्याची छोटी योजना. कामांच्या याद्या करताना लोकप्रतिनिधींचा आवाज मोठा होता, आणि तो वाडीपर्यंत पोहोचणाऱ्याचा होता की नव्हता, यावर प्रत्येक तालुक्याचे नशीब ठरले.

पण तालुका या एककातच एक खोट आहे, आणि ती मुळशीइतकी उघड क्वचितच कुठे दिसेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडी-माण परिसरात औद्योगिक विकास महामंडळाचे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणीचा कडा आहे. एका टोकाला काचेच्या इमारती, दुसऱ्या टोकाला पावसाळ्यात तुटणाऱ्या वाड्या. मध्ये पिरंगुटचे कारखाने. या सगळ्याची सरासरी काढली, तर मुळशी हा पुणे जिल्ह्यातला संपन्न तालुका ठरतो. १९६९ मध्ये जी अडचण राज्याच्या सरासरीची होती, तीच आता तालुक्याच्या सरासरीची झाली. गाडगीळ सूत्राला महाराष्ट्राच्या आत डोंगर दिसला नव्हता. डोंगरी तालुक्याच्या यादीला मुळशीच्या आत धामणओहोळसारखे गाव दिसत नाही.

धामणओहोळचे नाव मुद्दाम घेतले. कारण नियोजनाची तिसरी लाट याच गावांवर आली, आणि ती डोंगरी माणसाचे मागासलेपण घालवायला म्हणून आलेली नव्हती. ती डोंगराच्या देखण्या उतारासाठी आली होती.

नोव्हेंबर १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने नव्या गिरिस्थानांसाठी विशेष नियमावली काढली. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा ही इंग्रजांच्या काळातली थंड हवेची ठिकाणे गर्दीने भरली आहेत, तेव्हा खासगी गुंतवणुकीतून नवी उभी करू, असा त्यामागचा विचार होता. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखालच्या प्रादेशिक योजनांत त्यासाठी बदल केले गेले. शेती आणि वनराईसाठी राखलेल्या उतारांवर नगर वसवण्याची मुभा मिळाली. १ जून २००१ रोजी मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. मोसे नदीचे हे खोरे. बाजी पासलकरांचे खोरे म्हणून इतिहासात त्याची ओळख, आणि वरसगावच्या जलाशयाला नावही त्यांचेच. दासवे, मुगाव, भोईणी, धामणओहोळ ही गावे त्या यादीत आली. प्रकल्पाला नाव मिळाले लवासा. हा शब्द ना मराठीतला, ना दुसऱ्या कुठल्या भाषेतला. तो घडवलेला शब्द आहे.

२००२ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळाने वरसगाव जलाशयालगतची १४१ हेक्टर जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने या प्रकल्पाला दिली. २००८ मध्ये लवासा उभारणाऱ्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. या शब्दाचा अर्थ शांतपणे पाहावा. बांधकामाच्या परवानग्या द्यायचा सरकारचा अधिकार त्या क्षेत्रापुरता बांधणाऱ्याकडेच गेला. १९२१ मध्ये सरकारने कंपनीसाठी जमीन घेतली होती. सत्त्याऐंशी वर्षांनी सरकारने नियोजनाचे कामच कंपनीच्या हाती सोपवले. मुळशीच्या नियोजनाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण मला हेच वाटते, धरणापेक्षाही मोठे. धरणाविरुद्ध उभे राहायला निदान समोर सरकार होते.

दासव्याच्या काठावर इटलीतल्या बंदरगावाच्या धर्तीचा रंगीत घाट उभा राहिला. तो सुंदर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या अंगाला मात्र वेगळ्या तक्रारी जमत होत्या. कातकरी, धनगर, छोटे शेतकरी यांच्या जमिनींचे व्यवहार कसे झाले, कमाल जमीनधारणा कायद्याखाली भूमिहीनांना मिळालेल्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी कशा हस्तांतरित झाल्या, हे प्रश्न जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने आणि गावकऱ्यांनी लावून धरले. पर्यावरणाच्या परवानगीचा वाद तर पुन्हा एका रेषेवरच उभा राहिला. केंद्राच्या १९९४ च्या पर्यावरणीय अधिसूचनेत हजार मीटरच्या वरच्या पर्यटन प्रकल्पांना केंद्राची मंजुरी लागे. आपला प्रकल्प हजार मीटरच्या खाली आहे, म्हणून ती लागत नाही, असे कंपनीचे म्हणणे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस काढली आणि काम थांबले. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याच्या २,००० हेक्टरला अटींसह मंजुरी मिळाली. तोवर पैशाचे गणित बिघडले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरे घेतलेल्यांचे पैसे अडकले. ज्यांनी जमीन दिली त्यांना तर परत मागण्यासारखे काही उरलेच नव्हते.

डोंगराला हजार मीटरची रेषा माहीत नसते. नऊशे ऐंशी मीटरवर उतार फोडला, तरी त्यावरच्या मातीचा आधार जातो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे मेली. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि त्याच दिवसांत लवासात दरड बंगल्यांवर आली. इतका पाऊस झेलणाऱ्या कातळावर माती पातळ असते. ती धरून ठेवतात झाडांची मुळे आणि पिढ्यानपिढ्या माणसांनी घातलेले खाचरांचे बांध. हे ज्ञान मुळशीत कोणाला नव्याने शिकवावे लागत नाही.

मार्च २०१० मध्ये केंद्राने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला आणि त्याचे अध्यक्ष होते माधव गाडगीळ, धनंजयरावांचे चिरंजीव. वडिलांनी देशाच्या नियोजनाचे सूत्र घातले आणि मुलाकडे डोंगरातल्या नियोजनाचा हिशेब तपासायचे काम आले. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेल्या अहवालात गटाने घाटाचे पाच कला (मिनिटे) गुणिले पाच कलांचे चौकोन पाडले, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे, आणि संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी लावल्या. टीकाकारांनी चौकोनांवर बोट ठेवले, आणि ते चुकीचेही नव्हते, कारण एका चौकोनात डोंगर, गाव आणि शहर तिन्ही येऊ शकतात. पण अहवालाचा गाभा त्या चौकोनांत नव्हता. या श्रेणी म्हणजे सुरुवात आहे, अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, काय राखायचे आणि काय बांधायचे हे तिथल्या माणसांनी सांगावे, असे त्यात होते. १९२० पासून मुळशीच्या बाबतीत ज्या गोष्टीला सगळ्यांनी बगल दिली, ती पहिल्यांदा सरकारी कागदावर आली.

तो अहवाल सरकारने महिनोन्महिने प्रसिद्धच केला नाही. माहिती अधिकाराखाली मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. ज्या गावांनी मत द्यायचे होते, त्यांच्यापर्यंत तो त्यांच्या भाषेत वेळेवर पोहोचला नाही. पोहोचले ते अफवांचे रूप : घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही. मग अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट आला. त्याने २०१३ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि गाव हे एकक धरले. ग्रामसभेची जागा पुन्हा उपग्रहाने घेतली. मार्च २०१४ मध्ये संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर होते. जुलै २०२४ मध्ये सहावा मसुदा निघाला. तोही मसुदाच.

मधल्या काळात १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोग जाऊन नीती आयोग आला आणि योजनानिहाय मदतीची जुनी घडी मोडली. त्याच वर्षी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि मुळशी त्याच्या हद्दीत आला. कागदावर मुळशी एकाच वेळी डोंगरी तालुका आहे, महानगराचा भाग आहे, अभयारण्य आहे (ताम्हिणीचे अभयारण्य २०१३ पासून), प्रस्तावित संवेदनशील क्षेत्र आहे आणि वीजनिर्मितीचे पाणलोटही आहे. प्रत्येक कागदाचा नकाशा वेगळा आणि प्रत्येक नकाशाचे कार्यालय वेगळ्या गावी. पुण्याच्या दलालाला हे पाचही नकाशे वाचता येतात. फार्महाऊससाठी उतार सपाट करणारा जेसीबी कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला चालवायचा, हे त्याला बरोबर कळते. धनगरवाड्यावरच्या माणसाला मात्र रस्त्याच्या अर्जावर तुमची वाडी अभयारण्यात येते की नाही ते आधी सांगा, असा शेरा मिळतो.

१६ एप्रिल २०२१ रोजी मुळशी सत्याग्रहाला शंभर वर्षे झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते, मोठे कार्यक्रम शक्य नव्हते. धरणग्रस्तांच्या वंशजांची मागणी शंभर वर्षांपूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. खोरे परत द्या, असे कोणी म्हणत नाही. पाण्याच्या वर जिथे आजोबांनी घर बांधले ती जागा गावठाण म्हणून मोजा, तिथे आमचे नाव लावा, एवढेच ते मागत आहेत. त्यासाठी भूमापकाला सहाशे मीटरच्या रेषेवर येऊन दोरी धरावी लागेल. उन्हाळ्यात भिऱ्याला पाणी सोडून सोडून धरण उतरते, तेव्हा त्या रेषेखाली तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. पहिला पाऊस आला, की तो पुन्हा पाण्याखाली जातो.